बिझनेस की इकॉनॉमिक्स : अर्ज भरण्याआधी गणिताचा सिलॅबस उघडा

दोन्ही कोर्सची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी ठेवून बसला असाल, तर पहिल्या वर्षाच्या विषयांवरून काही ठरणार नाही. सूक्ष्म अर्थशास्त्र दोन्हीकडे असतं, संख्याशास्त्रही असतं, गणिताचा एखादा पेपरही असतो. हे सारखेपण बघूनच मी बिझनेसला प्रवेश घेतला. वाटलं, नंतर वळता येईलच. वर्षभराने वळलो, पण ते मला वाटलं होतं तेवढं सोपं निघालं नाही.

बिझनेसकडे जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. कंपनीचे वार्षिक हिशेब हातात घेतल्यावर नफा कागदावरच आहे की रोख पैसाही येतोय, हे मला कळतं ते त्या एका वर्षामुळे. नुसतं इकॉनॉमिक्स केलेल्या माझ्या अनेक मित्रांना ते आजही जड जातं. दुसरी गोष्ट केस-स्टडीची, म्हणजे खऱ्या कंपनीचा एखादा प्रसंग घेऊन त्यावर वर्गात चर्चा करण्याची. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं आणि तिथे रुजलेली ही पद्धत आता सगळीकडे वापरतात. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा आणि भरवर्गात त्याची बाजू लढवायची. चारचौघांत बोलायची भीड माझी तिथेच गेली. इंटर्नशिपही बिझनेसवाल्यांना लवकर मिळते, निदान माझ्या पाहण्यात तरी.

आता मला जे खटकलं ते. बदलीचा अर्ज आणि गुणपत्रिका घेऊन मी अर्थशास्त्र विभागात गेलो. तिथल्या बाईंनी एकेका विषयावर खूण करत शेवटी ‘बिझनेस मॅथेमॅटिक्स’पाशी पेन्सिल थांबवली आणि म्हणाल्या, “हा धरता येणार नाही.” गुण उत्तम होते, पण त्यांचा प्रश्न गुणांचा नव्हताच. आमच्या पेपरात डेरिव्हेटिव्ह होतं ते सूत्रापुरतं, एका चलापुरतं. अनेक चलांचं कॅल्क्युलस नव्हतं, लाग्रांजची रीत (अटी पाळून कमाल-किमान काढायची) नव्हती, मॅट्रिक्स तर नावालाही नव्हतं. कॅल्क्युलसशिवाय दुसऱ्या वर्षाचं मायक्रो, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्र, घेता येत नाही आणि ते झाल्याशिवाय इकॉनॉमेट्रिक्सला, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजायच्या विषयाला, बसू देत नाहीत. एका पेपरापायी माझे पुढचे दोन पेपर अडले आणि सबंध सेमिस्टर मागे पडलं. माझ्याबरोबरची इकॉनॉमिक्सची एक मुलगी मात्र त्याच काळात अकाउंटिंग आणि मार्केटिंग ऐच्छिक म्हणून घेऊन मोकळी झाली. तिला कुणी काही विचारलं नाही.

एवढी घासाघीस कशासाठी, हे मला पुढे इकॉनॉमेट्रिक्सच्या वर्गात उमगलं. बिझनेसला असताना आमच्या गटाने हॉटेलच्या खोल्यांचे दर आणि भरलेल्या खोल्या यांचं रिग्रेशन केलं होतं, म्हणजे एक बदलला की दुसरा किती बदलतो ते आकड्यांवरून काढलं होतं. दर चढे त्या महिन्यांत खोल्याही जास्त भरलेल्या. ‘दर वाढवल्यास मागणी वाढते’ असं आम्ही अहवालात लिहिलं आणि चांगले गुणही मिळवले. खरं तर सुट्ट्यांमुळे गर्दी वाढत होती आणि गर्दीमुळे दर. किंमत आणि खप एकमेकांना ओढत असताना दोन्ही कसं वेगळं करायचं, यावर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप राइट यांनी १९२८ मध्येच प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या आयातशुल्काच्या निमित्ताने उपाय लिहून ठेवला होता. न्यू जर्सीत १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या फास्ट फूड दुकानांची तुलना शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुकानांशी केली. रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. त्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, पण ‘कशाशी तुलना करायची’ हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला तो त्या तासाला.

इकॉनॉमिक्सही सगळीकडे सारखं नसतं. काही ठिकाणी एकाच नावाखाली गणिताचा आणि बिनगणिताचा असे दोन मार्ग असतात. काही ठिकाणी अर्थशास्त्र विभागच बिझनेस स्कूलमध्ये असतो. सुरुवातीचे पेपर बरेच कोरडे असतात, आलेखच आलेख, खरी कंपनी कुठे दिसत नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर मँचेस्टर विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी संघटना काढून याच कोरडेपणावर बोट ठेवलं होतं आणि मला ती तक्रार रास्त वाटते. एएसीएसबी, एक्विस यांच्या मान्यतांचे शिक्के बिझनेस स्कूलबद्दल बरंच सांगतात, पण पहिल्या वर्षाच्या गणितात काय शिकवतात ते त्या शिक्क्यावरून कळत नाही.

उद्योग काढायचा किंवा घरचा सांभाळायचा हे ज्याचं पक्कं आहे, त्याने बिझनेस खुशाल घ्यावं. ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याला मी इकॉनॉमिक्स घे आणि सोबत अकाउंटिंगचे दोन पेपर घे असं सांगेन. बिझनेसकडेच ओढा असेल तर अर्ज भरण्याआधी अर्थशास्त्र विभागाला एकच ईमेल करा : “बिझनेसच्या पहिल्या वर्षाच्या गणितावर तुमच्याकडे इकॉनॉमेट्रिक्स घेता येतं का?” उत्तर लेखीच मागा आणि जपून ठेवा.