कानात डोकावणारा कॅमेरा : चार महिन्यांच्या वापरानंतर

उजव्या कानाला दडा बसला होता, म्हणून मी मोबाइलला जोडता येणारा कानाचा कॅमेरा विकत घेतला आणि गेले चार महिने तो घरातल्या सगळ्यांच्या कानांसाठी वापरत आहे. पेनाएवढ्या या उपकरणाच्या टोकाशी चार मिलिमीटरांहून कमी जाडीचे भिंग आणि त्याभोवती बारीक दिवे आहेत. चित्र खरोखरच स्पष्ट येते. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढून धरला की सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची वाकडी नळी बरीचशी सरळ होते आणि तिच्या शेवटी मोतिया-राखाडी रंगाचा पडदा दिसतो. घड्याळाच्या तबकडीवर पाच वाजता तास काटा जिथे असतो, साधारण तिथे उजव्या पडद्यावर प्रकाशाचा त्रिकोणी कवडसा चमकतो, तर डाव्या पडद्यावर तो सातच्या जागी असतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा खरेदीचे सार्थक झाले असे वाटले.

दड्याचे कारणही लगेच कळले : नळीत मळाचा तपकिरी बोळा घट्ट बसला होता. खोक्यात मळ काढण्यासाठी सहा चिमुकले चमचे दिलेले आहेत, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार त्यांच्याविषयीच आहे. नळीच्या आतल्या, हाडाच्या भागावरची त्वचा इतकी पातळ आणि हळवी असते की हलका स्पर्शही झोंबतो, शिवाय मोबाइलवर पाहत कान कोरताना आपण किती खोल गेलो याचा अंदाज येत नाही. चमचा बहुधा मळ आतच ढकलतो. माझा बोळा शेवटी डॉक्टरांनी काढला.

मात्र निदान करण्याची वेळ आली की हे उपकरण तोकडे पडते. मुलीला सर्दी-ताप असताना तिचा पडदा मला लालसर दिसला आणि कान पिकल्याची मी खात्रीच करून टाकली. डॉक्टरांनी मात्र नुसत्या लालीला महत्त्व दिले नाही, कारण तापाने किंवा रडण्यानेही पडदा लाल होतो. तो बाहेर फुगला आहे का हे त्यांनी पाहिले आणि रबरी फुग्याने कानात हलकी हवा सोडून तो हलतो की नाही हे तपासले. पडद्यामागे पाणी साचले असेल तर तो नीट हलत नाही. तिचा पडदा व्यवस्थित हलत होता. माझ्या कॅमेऱ्यात हवेची काहीच सोय नसल्याने ही तपासणी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे.

याहून गंभीर प्रसंग म्हणजे एका कानाने अचानक ऐकू येईनासे होणे. बिघाड अंतःकर्णात किंवा श्रवणतंत्रिकेत असेल तर पडदा अगदी निरोगी दिसू शकतो, आणि कॅमेऱ्यावर विसंबून राहणारा माणूस नेमके उपचारांचे मोलाचे दिवस गमावतो. इथे 512 हर्ट्झचा साधा नादकाटा अधिक सांगून जातो : त्याचा दांडा कपाळाच्या मध्यावर टेकवल्यावर नाद चांगल्या कानात मोठा वाटला तर दोष आतल्या भागात असल्याची शंका येते, उलट मळ किंवा साचलेले पाणी असेल तर तो दडा बसलेल्या कानातच मोठा ऐकू येतो. नक्की निदानासाठी अर्थातच श्रवणचाचणी लागते.

पुढे मलाच कानदुखी सुरू झाली तेव्हा पडदा स्वच्छ दिसत होता आणि दुखणे खरे निघाले अक्कलदाढेचे. दात, जबड्याचा सांधा, टॉन्सिल किंवा घशाचा खालचा भाग यांची वेदना सामाईक मज्जातंतूंमुळे कानात जाणवू शकते. त्यामुळे कान निर्दोष असूनही दुखणे थांबत नसेल तर घसाही पाहावा लागतो.

खोक्यावर ‘नाक व घशासाठीही उपयुक्त’ असे छापलेले आहे, ते मला पटत नाही. नाकाच्या तोंडाशी असलेली सूज आणि टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके दिसतात खरे, पण ठिपक्यांवरून संसर्ग जिवाणूंचा की विषाणूंचा हे ठरत नाही. स्वरयंत्र तर दिसतच नाही. 1854 मध्ये मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने छोट्या आरशात स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली होती. तेवढेही या कॅमेऱ्याला साधत नाही, आणि चार आठवडे बसलेला आवाज तपासताना तेच पाहणे आवश्यक असते.

मळ साचला आहे का हे पाहण्यापुरते आणि डॉक्टरांना चित्र दाखवण्यापुरते हे उपकरण मी ठेवणार आहे. सहाही चमचे टाकून दिले.