ह्युगो: एकच फाइल टाकली आणि साइट चालू
आईच्या कवितांची साइट करायची होती, डेटाबेसच्या भानगडीत पडायचं नव्हतं म्हणून लॅपटॉपवर ह्युगो हे साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट बनवणारं सॉफ्टवेअर टाकलं. गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, 2013 पासूनचं, फुकट, आणि सगळं मिळून एकच फाइल, त्यामुळे आधी हे टाका मग ते टाका असली वणवण नाही, खरंच बरं वाटलं. फक्त लिनक्सच्या रेपोतलं (सॉफ्टवेअरच्या तयार साठ्यातलं) व्हर्जन जुनं निघालं, थीम (साइटच्या दिसण्याचा तयार साचा) चालेना, अर्धा तास त्यातच गेला, मग गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून ह्युगोचं एक्स्टेंडेड (जास्त सोयींचं) व्हर्जन उतरवलं आणि लगेच जमलं. ह्युगो सर्व्हर (hugo server) कमांड देऊन ब्राउझरमध्ये localhost:1313 हा आपल्याच लॅपटॉपवरचा पत्ता उघडला, फाइल सेव्ह केली की पान आपोआप बदलतं, आईने शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ तिथल्या तिथे सुधारून घेतलं. नवीन पोस्ट दिसली नाही तर घाबरू नका, ती ड्राफ्ट म्हणजे कच्चा मसुदा असते, पोस्टच्या फाइलीत वरती draft पुढे असलेल्या ट्रू (true) चं फॉल्स (false) करा.