नवा सेन्सर आणि गंजलेला बोल्ट

माझी फोर बाय फोर अठरा वर्षांची झाली. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्सची तक्रार नाही, कुरबुर असते ती विजेची. एक दिवस डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागला, पाठोपाठ ट्रॅक्शनचा, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून असलेल्या यंत्रणेचा, आणि फोर व्हीलचा दिवा लुकलुकायला लागला. लो रेंज, म्हणजे चढ-चिखलासाठीचा हळू पण ताकदीचा गिअर, पडेना. गाडी बंद करून चालू केली की सगळं गायब, थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. असा येता-जाता बिघाड म्हणजे लबाड गॅरेजवाल्याला चराऊ कुरणच, हे मला नंतर कळलं.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला सी००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. मालक म्हणाला, "साहेब, सेन्सर गेला. गाडीचं वय बघा ना." मी मान डोलावली. स्कॅनरच्या पडद्यावर 'सर्किट' हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो वाचून सोडून दिला. सेन्सर, त्याच्या दोन वायरी, मधले कपलर (वायरी जोडणारे खटके) आणि पलीकडे मॉड्यूलची, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीची, पिन, हे सगळं मिळून सर्किट होतं. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येतो. कोड गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं असतं. पण वायरी तपासायचा मीटर कुणी हातात घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली, दिवे बंद. बिलावर 'सेन्सर, नवीन'. जुना मागितला तर म्हणे भंगारात गेला. ट्रायल मालकाने स्वतः दिली, सरळसोट गुळगुळीत रस्त्यावर. तेव्हा त्यात काही खटकलं नाही. चार दिवसांनी पार्किंगमधून वळण घेताना तिन्ही दिवे परत हजर.

मग सुरू झाली ती माळ. आधी 'कपलर साफ केले', मग 'दुसऱ्या बाजूचा सेन्सरही बदलून टाकू, जोडीनेच जातात' (जोडीने जायला ते काय ब्रेक पॅड आहेत?), आणि शेवटी चेहरा पाडून, "साहेब, एबीएसचा मॉड्यूलच उडालाय." मॉड्यूल ही सगळ्यात महागडी वस्तू. माझ्या गाडीत फोर व्हीलचा कंट्रोलर चाकांचा वेग त्याच्याकडूनच घेतो, त्यामुळे लो रेंज का पडत नाही याचं उत्तरही त्यात बसत होतं. म्हणून तर मी फसलो. धडधडीत खोटं बोलला असता तर संशय आला असता. हा माणूस निम्मं खरं बोलत होता. मॉड्यूल 'बदलला', बिल दिलं, आणि आठवड्याभरात दिवे पुन्हा लागले.

शेवटी एका मित्राने आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचंच काम केलेल्या काकांकडे पाठवलं. त्यांनी स्कॅनर आधी घेतलाच नाही. विचारलं, "दिवे लागतात तेव्हा स्टिअरिंग कुठे असतं?" असं मला कुणीच विचारलं नव्हतं, आणि मीही कधी लक्ष दिलं नव्हतं. आठवून बघितलं तर बहुतेक वेळा वळणावरच.

त्यांनी बॅटरी सोडली, मॉड्यूलचा कपलर काढला आणि सेन्सरकडून येणाऱ्या दोन पिनांवर मीटर लावला. चाकं सरळ असताना साधारण बाराशे ओहम. या जुन्या, दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरमध्ये आत नुसती तारेची गुंडाळी असते, आणि तिचा रोध बहुधा एक ते दोन हजार ओहमच्या आसपास निघतो. म्हणजे सेन्सर धडधाकट. मग मला म्हणाले, "स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा." मी फिरवलं आणि आकडा उडाला, सर्किट तुटलेलं. सरळ केलं, बाराशे. परत डावीकडे, परत काही नाही.

चाकामागे, जिथे सेन्सरची केबल क्लॅम्पमधून निघून वळते, तिथे काकांनी वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणली. ती रबरासारखी लांबली. आत तांबं असेल तर वायर ताणली जात नाही. आतली तार तुटली की नुसतं आवरण ताणतं. सोलल्यावर आत हिरवी पूड आणि दोन टोकं, सरळ चाकांना एकमेकांना टेकणारी, वळणावर सुटणारी. गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी फक्त कोड पुसला जात होता आणि ट्रायल सरळ रस्त्यावर होत होती. दिवा न लागायला तेवढं पुरतं.

हे अज्ञान म्हणून मी सोडून दिलं असतं. पण काकांनी टॉर्च सेन्सरच्या बोल्टवर धरला. बोल्टच्या डोक्यावर गंजाची खपली अखंड, तिच्यावर वाळलेला चिखल, पान्याचा एक ओरखडा नाही. तो बोल्ट कित्येक वर्षांत कुणी हलवलाच नव्हता. दुसऱ्या बाजूचाही तसाच.

मग त्यांनी स्कॅनर लावला, पण कोडसाठी नव्हे. मॉड्यूलच्या माहितीच्या पानावर त्याचा अनुक्रमांक असतो. पहिल्या दिवशी गॅरेजच्या स्कॅनरच्या पडद्याचे मी मोबाईलवर सहज दोन-तीन फोटो काढले होते, त्यात तेही पान आलं होतं. आकडे एकेक करून जुळवले. तोच मॉड्यूल.

फोटो आणि बिलं घेऊन गेलो. मालक आधी म्हणाला, पोराकडून बिलात चूक झाली. मग म्हणाला, तोच मॉड्यूल उघडून दुरुस्त केला. मी म्हटलं, बिलावर 'नवीन' आहे, आणि उघडला तर त्याचं सील शाबूत कसं? तेव्हा आवाज चढला, बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. बऱ्याच ओढाताणीनंतर दोन्ही सेन्सरचे पैसे परत मिळाले. मॉड्यूलवर तो हटला नाही.

काकांनी वीतभर वायर बदलली, डाग दिला, वरून श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवली आणि वळणाला थोडी ढील ठेवून क्लॅम्प केली. त्यानंतर मी एका मोकळ्या मैदानात स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत गाडी वेड्यासारखी गोल गोल चालवली, दिवा लागला नाही. लो रेंजही पहिल्या झटक्यात पडली. मॉड्यूल अजून तोच आहे, अठरा वर्षांचा. बिलात मात्र तो नवाकोरा आहे आणि त्यावर वॉरंटीसुद्धा लिहिलेली आहे.