एमएसडब्ल्यू अभ्यासक्रम: अध्यापन चांगले, पर्यवेक्षण अपुरे

पुण्यातील एका महाविद्यालयातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी नुकतीच पूर्ण केली. यंदा प्रवेशाचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. संस्थेचे नाव देण्याचे टाळतो, कारण ज्या उणिवेविषयी लिहायचे आहे ती या एकाच संस्थेपुरती असेल असे वाटत नाही. आमच्या वर्गात सत्तरीच्या घरात विद्यार्थी होते आणि पुढचे सगळे त्याच एका गोष्टीशी निगडित आहे.

व्याख्यानांवर वर्गाच्या आकाराचा फारसा परिणाम झाला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. संशोधन पद्धती, समाजकल्याण प्रशासन किंवा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सत्तर जणांनाही नीट शिकवता येतो, आणि आमच्या प्राध्यापकांनी तो तसा शिकवला. ग्रंथालय समृद्ध आहे आणि ग्रामीण शिबिराचे नियोजनही चोख होते.

अडचण क्षेत्रकार्यात येते. आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थी रुग्णालयात, वस्तीत, शाळेत किंवा एखाद्या संस्थेत काम करतो आणि त्या कामाचा सविस्तर अहवाल लिहितो. समोरची व्यक्ती काय बोलली, आपण काय विचारले, त्या वेळी मनात काय आले, हे सगळे त्यात यावे लागते. तो अहवाल वाचून पर्यवेक्षकाने, म्हणजे क्षेत्रकार्यावर देखरेख करणाऱ्या शिक्षकाने, समासात ‘येथे तुम्ही विषय का बदललात?’ असे विचारावे आणि मग वैयक्तिक चर्चेत, ज्याला सगळे ‘आयसी’ म्हणतात, त्याची उकल व्हावी, अशी ही पद्धत आहे. अमेरिकी समाजकार्य अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या व्यक्तिसहाय्य कार्याच्या (एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत करण्याच्या पद्धतीच्या) सात तत्त्वांपैकी ‘नियंत्रित भावनिक सहभाग’, म्हणजे समोरच्याच्या भावना समजून घेणे पण त्यांत वाहून न जाणे, हे तत्त्व परीक्षेत दहा ओळींत लिहिता येते, पण रडणाऱ्या बाईसमोर बसून आपण घाईघाईने सल्ला का दिला, हे ध्यानात येण्यासाठी कोणीतरी आपला अहवाल शब्दशः वाचलेला असावा लागतो. आमच्या वह्यांवर बहुतेक वेळा ‘पाहिले’ एवढाच शेरा आणि सही असे. आयसीच्या जागी पंधरा-वीस जणांची गटचर्चा होई, आणि तीत बोलके विद्यार्थी बोलत, बाकीचे हजेरी लावून निघत. याचा दोष मी शिक्षकांना देत नाही, कारण एवढ्या वह्या दर आठवड्याला बारकाईने वाचणे कोणालाही शक्य नव्हते.

ही केवळ शैक्षणिक गैरसोय नाही. पर्वतीच्या उतारावरील किंवा येरवड्यातील वस्तीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला एखाद्या अल्पवयीन मुलीने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणे बंधनकारक आहे. अशा वेळी बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी पर्यवेक्षकाशी बोलता आले पाहिजे. पुढच्या गटचर्चेपर्यंत थांबणे शक्य नसते, आणि ती गोष्ट वीस जणांसमोर मांडली तर गोपनीयतेचे तत्त्व तिथेच मोडते.

संख्येचा भार संस्थांवरही पडतो. एका मोठ्या रुग्णालयात आम्ही इतके जण एकाच विभागात होतो की, एका रुग्णाला घरची परिस्थिती सकाळी एकाने आणि दुपारी दुसऱ्याने विचारली. तिसऱ्याला पाहून त्याने पाठ फिरवली आणि ते योग्यच होते.

एका प्राध्यापिकेने मात्र यावर तोड काढली होती. मुलाखतीच्या रोल प्लेमध्ये दोघांनी अभिनय करायचा आणि उरलेल्यांनी पाहत बसायचे, ही रीत मोडून त्या वर्गाचे तिघातिघांचे गट करत: एक कार्यकर्ता, एक मदत मागणारा, एक निरीक्षक, आणि मग भूमिका बदलायच्या. मुलाखत कशी घ्यावी, हे मी खऱ्या अर्थाने त्या तासांत शिकलो.

प्रवेशाच्या वेळी इमारत आणि नोकरीचे आकडे दाखवले जातात. त्याऐवजी एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात आणि वैयक्तिक चर्चेला वेळापत्रकात ठरलेला तास आहे का, हे विचारावे. जमल्यास मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून समासातले शेरेही पाहून घ्यावेत. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून किंवा संस्थेत काही वर्षे काम करून आलेल्याला हा अभ्यासक्रम घ्यायला हरकत नाही, कारण त्याच्या पाठीशी काही तयारी असते. बीकॉम किंवा बीएससी करून थेट येणाऱ्याने, थोडी अधिक फी पडली तरी, लहान तुकडीची संस्था शोधावी.