अलकापुरीतील पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवा : ग्राहकाच्या नजरेतून

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत बचत म्हणजे मुदत ठेव आणि थोडे सोने, अशीच समजूत अजून आहे. त्यामुळे वडिलोपार्जित घराच्या विक्रीतून आलेल्या रकमेचा मोठा भाग मी अलकापुरीतील एका पोर्टफोलिओ मॅनेजरकडे, म्हणजे आपल्या वतीने शेअरची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यावसायिकाकडे, सोपवला, तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. या सेवेत किमान ५० लाख रुपये गुंतवावे लागतात, ही शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीची अट आहे. सारी पुंजी तेवढीच असेल तर या वाटेला जाऊ नये. म्युच्युअल फंडात युनिट मिळतात, इथे मात्र शेअर आपल्याच नावाच्या डीमॅट खात्यात राहतात आणि प्रत्येक खरेदी-विक्री आपल्याला दिसते.

सेवेचा खरा कस लागला तो घसरणीत. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टीने २६,२७७ ची पातळी गाठली आणि त्यानंतर फेब्रुवारी २०२५ पर्यंत सलग पाच महिने निर्देशांक उतरत राहिला. त्या काळात मी पैसे काढण्याविषयी विचारले असता मॅनेजरनी धीर देणारी भाषणे केली नाहीत; खरेदीच्या वेळी तयार केलेला तक्ता पुढे ठेवला. त्यात प्रत्येक कंपनीपुढे ती का घेतली आणि कोणत्या कारणाने विकायची, हे आधीच लिहिलेले होते. त्यानुसार एक रसायन कंपनी कर्ज वाढल्यामुळे विकली गेली आणि तिच्याहून अधिक आपटलेली दुसरी, विक्री व नफा शाबूत असल्यामुळे, ठेवली गेली. नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांचा वास ओळखणाऱ्या आम्हा बडोदेकरांना रसायन कंपन्यांतले सारे कळते असे वाटत असते. त्या तक्त्याने तो भ्रम बराच कमी केला.

शुल्काचा भाग मात्र बारकाईने वाचावा. माझ्या करारात वार्षिक २ टक्के शुल्क आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५० लाखांवर वर्षाला १,१८,००० रुपये, नफा असो वा तोटा. नफ्यावर आधारित शुल्काचा पर्यायही असतो. त्यात मूल्य ६० लाखांवरून ५२ लाखांवर घसरून पुन्हा ६० लाखांवर आले, तर त्या भरपाईवर शुल्क घेता येत नाही, आणि हे कलम करारात नीट पाहून घ्यावे.

माझी तक्रार अहवालांविषयी आहे. त्यांत दाखवलेला परतावा नियमाप्रमाणे काळाच्या हिशेबाने काढलेला असतो, त्यात आपण पैसे कधी घातले याचा विचार नसतो. माझा दुसरा हप्ता नेमका तेजीच्या शिखराजवळ गेल्यामुळे माझ्या रुपयांवरचा परतावा अहवालातल्या आकड्यापेक्षा कमी होता. माझ्या परताव्याचा हा आकडा मागितल्यावरच मिळाला. भांडवली नफ्याचे विवरणही उशिरा येते. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आपल्यालाच भरावा लागतो, त्यामुळे आगाऊ कराच्या तारखेआधी आमच्या सीएंना दोनदा फोन करावे लागले.

मध्यस्थ वितरकाशिवाय थेट खाते उघडण्याची सोय प्रत्येक पोर्टफोलिओ मॅनेजरने द्यावी, असा नियम आहे. माझ्या वेळी ती कोणी आपणहून सांगितली नाही. पहिल्या भेटीतच विचारून घ्यावी.