परदेशातून दत्तक: एका संस्थेच्या सेवेचा अनुभव
आंतरदेशीय दत्तकासाठी आम्ही ज्या संस्थेची मदत घेतली, तिचे सर्वांत मोठे बळ म्हणजे कागदपत्रांची शिस्त. देशादेशांमधील दत्तकाविषयीच्या 1993च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारातील कलम 23नुसार मिळणारे प्रमाणपत्र करारातील इतर देशांतही दत्तकाला मान्यता मिळवून देते, म्हणून त्यातील प्रत्येक अक्षर त्यांनी आमच्यासमोर बसून दत्तकाच्या मूळ आदेशाशी ताडून पाहिले. परक्या देशातील मुक्काम लांबला तेव्हा मात्र आठवडाभर संस्थेचा एकही फोन आला नाही, हे फार जिव्हारी लागले. अशा वेळी संपर्क कोण ठेवणार, हे आधीच लेखी घ्यावे. मुलीशी झालेल्या पहिल्या भेटीत दुभाषी बाईंनी जराही घाई केली नाही. मुलीने माझ्या पिशवीचा पट्टा मुठीत घट्ट धरला, तो तासभर सोडला नाही, आणि तेवढा वेळ त्या शांतपणे दाराशी थांबल्या.