कुत्रं आणायचं की मांजर? सोलापूरच्या घरासाठी माझा हिशेब

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या घरातले दोघे दोन ठिकाणी सापडतात. हुरडा न्हाणीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेला असतो, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत. चिंधी माठाच्या तिवईखाली अंगाचं मुटकुळं करून झोपते आणि चारपर्यंत कूस बदलत नाही. हुरडा आमचा कुत्रा. मोहोळकडच्या एका शेतात हुरडा खायला गेलो होतो, तिथून पाठी लागला तो घरीच आला. चिंधी आमची मांजर. अशोक चौकाजवळच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात चिंध्यांच्या गठ्ठ्यात सापडली, तेव्हा तळहातात मावत होती.

नात्यातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी अधूनमधून विचारतंच, "वहिनी, कुत्रं आणावं का मांजर?" माझा दोघांवर सारखाच जीव आहे, त्यामुळे कुणा एकाची वकिली करणार नाही. पण इथलं ऊन, इथलं पाणी आणि आपल्या घरांत चालणारी कामं बघितली की उत्तर घरागणिक बदलतं, हे या दोघांना वाढवताना कळलं.

ऊन आणि पाणी

आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा सगळ्यात जास्त हाल कुत्र्याचे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत हुरडाचं फिरणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतर. मधल्या वेळेत शी-शूपुरतं खाली न्यायचं झालं तरी आधी रस्त्यावर हाताची उलटी बाजू टेकवून बघते. पाच-सात सेकंद हात ठेवता येत नसेल तर त्या डांबरावर त्याचे पंजेही भाजणार.

मांजर इथे वरचढ ठरतं. घरच्या मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलुखातलं रानमांजर. कमी पाण्यावर भागवणं त्याच्या रक्तात आहे. अंगही ते स्वतःच चाटून साफ ठेवतं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. हुरडाच्या एका आंघोळीला तीन बादल्या जातात, चिंधीला पाच वर्षांत एकदाही आंघोळ घालावी लागली नाही. टाकी लहान असलेल्या घरात हा फरक मोठा आहे.

पण त्याच स्वभावाचा एक धोका आहे. मांजराला तहान कमी लागते, आणि नुसतं कोरडं पाकीटबंद खाणं दिलं तर पोटात पाणी फारच थोडं जातं. त्यातून लघवीचे त्रास होतात, बोक्यांना तर वाट पूर्ण बंद होऊ शकते. बोका वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कळवळतोय आणि थेंबही होत नाही, असं दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा. चिंधीच्या खाण्यात मी रोज थोडं कोमट पाणी कालवते आणि पाण्याची भांडी घरात तीन ठिकाणी ठेवते.

जातीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. हस्की, सेंट बर्नार्ड ही बर्फातली कुत्री सोलापुरात आणू नका. चोवीस तास एसी लावला तरी त्याला दारातून बाहेर पडावंच लागतं. चपट्या नाकाचा पग आणि चपट्या तोंडाचं पर्शियन मांजर, दोघांनाही या उन्हात श्वास पुरत नाही. रस्त्यावरचं देशी पिल्लू या हवेसाठीच घडलेलं असतं. कारवानी आणि मुधोळ ही तर आपल्या मुलखातली कुत्री. मुधोळ इथून जवळच, बागलकोट जिल्ह्यात. पण ती सशामागे धावण्यासाठी जोपासलेली आहेत. मंगळवेढ्याकडे शेतवस्ती असेल तर खुशाल ठेवा, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नको. आणि घरात मांजर असेल तर पळणाऱ्या लहान जनावराच्या मागे लागण्याची त्यांची खोड आधी लक्षात घ्या.

ताटात काय पडणार

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. शाकाहारी घरं म्हणतात, मांजर आणू, दूध-पोळीवर राहील. राहत नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला खाण्यातूनच मिळावा लागतो, तो मांस-मासळीत असतो, आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय कायमचं बिघडतं. दूध तर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतही नाही, हगवण लागते. तेव्हा घरात मासळीचा वास चालत नसेल, पाकीटसुद्धा दाराआड नको असेल, तर मांजराचा विचार सोडा. कुत्र्याला धान्य पचतं. ज्वारीची भाकरी, वरण, दही, पनीर, आणि चालत असेल तर अंडं, असं मिळून त्याचं नीट भागवता येतं. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र तोही खंगतो, म्हणून काय किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

एक सूचना आपल्या गावासाठी खास. भाकरीला शेंगाचटणी लावून कुत्र्याला देणारे मी कितीतरी बघितले. त्या चटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मांजराला तर थोडाही बाधतो. कुत्र्याला मनुका आणि चॉकलेटही देऊ नये. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नका, एका गोळीने ते मरू शकतं.

सूत आणि तंबाखू

सोलापूरच्या घरांचा आणखी एक प्रश्न आहे. पूर्व भागात कितीतरी घरांत विड्या वळल्या जातात, कुठे शिवणकाम असतं, कुठे मागाचं सूत. मांजराच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात. एकदा दोरा तोंडात गेला की ते तो थुंकू शकत नाही, गिळतच जातं. तो दोरा आतड्यात ताणला जाऊन आतडं कापतो. चिंधी वर्षाची असताना आमच्या मशीनखालचा दोरा तिने गिळला. तोंडातून टोक लोंबत होतं आणि मी ओढायला हात पुढे केलाच होता. सासूबाई ओरडल्या, "थांब, ओढू नको गं!" त्यांच्या माहेरी तसं ओढून एक मांजर गेलं होतं. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं: तोंडातून असो वा मागून, दिसणारा दोरा ओढायचा नाही, तसंच उचलून आणायचं. तिची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून रात्री बॉबिनसकट सगळं डब्यात बंद होतं.

विडीच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं तर दोऱ्यापेक्षा तंबाखूची काळजी जास्त. पिल्लू जे दिसेल ते चघळतं, आणि निकोटिन त्याच्या जिवावर उठतं. सूप मांडीवरून खाली ठेवून उठायची सवय असेल तर तंबाखूला झाकणाचा डबा लागेल. ज्या घरात दिवसभर सूत आणि तंबाखू उघडं राहणारच आहे, तिथे मला विचाराल तर दोन्ही नको. मोठं, शांत, तीन-चार वर्षांचं देशी कुत्रं मिळालं तर तेवढा अपवाद.

वेळ कुणाकडे आहे

कुत्र्याला तुमचा वेळ लागतो आणि मांजराला तुमचं घर लागतं. माझ्या मते निर्णयाचं निम्मं उत्तर इथेच आहे. नवरा-बायको दोघं सकाळी नऊला बाहेर पडून सातला परतणार, घरात तिसरं कुणी नाही, अशा घरात कुत्र्याला कोंडून ठेवणं मला बघवत नाही. ते रडतं, दार खरवडतं, आणि मग जिन्यात शेजारच्या काकू गाठतात, "काय ओ, तुमचं कुत्रं दिवसभर लई वरडतंय की." मांजर दिवसाचे बारा-पंधरा तास झोपतं. संध्याकाळी अर्धा तास मनापासून खेळलात तर त्याला पुरतं. तुळजापूर-अक्कलकोट करून रात्री परत यायचं असेल तर चिंधी निवांत राहते. हुरडासाठी मात्र दुपारी कुणाला तरी किल्ली द्यावी लागते. लग्नाला तीन दिवस गावी जायचं तर दोघांसाठीही माणूस लागतोच, मांजराची वाळू रोज काढावी लागते.

पण घरात पहाटे पाचला उठणारे आजोबा असतील तर कुत्र्यासारखा सोबती नाही. आमचे सासरे गुडघ्यांमुळे घराबाहेर पडेनासे झाले होते. हुरडा आला आणि पट्टा तोंडात धरून त्यांच्या खाटेपाशी उभा राहायला लागला. आता दोघं रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. वाटेत मोकाट कुत्र्यांची टोळी असते, म्हणून सासरे काठी नेतात आणि ठरलेली एकच गल्ली धरतात. तुमच्या गल्लीत टोळ्या फार असतील तर हेही आधी चालून बघा.

मांजराला घर लागतं म्हणजे उंच फळी, लपायला कोपरा, आणि गॅलरीला जाळी. जाळीशिवाय तिसऱ्या मजल्यावर मांजर ठेवू नका, पाखरामागे झेपावताना ते पडतं. नखं ते कशावर तरी काढणारच. आमच्याकडे चांगल्या टॉवेलांचे धागे उपसले गेले, मग एका लाकडी खांबाला जुनी सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून दिली, तेव्हा थांबलं.

गड्ड्याच्या दिवसांत सिद्धेश्वर यात्रेचं शोभेचं दारूकाम असतं, आणि दिवाळी आहेच. चिंधी कपाटामागे जाते आणि आवाज थांबल्यावर येते. हुरडा थरथरतो. एका वर्षी दार उघडं मिळालं आणि तो पळाला, दुसऱ्या दिवशी सापडला. आता गळ्यात फोन नंबरचं बिल्लं असतं आणि त्या रात्री त्याच्याजवळ कुणीतरी बसतंच.

आजारपण

खर्च दोघांनाही आहे, कुत्र्याला थोडा जास्त, कारण ते बाहेर जातं. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू, रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मांजरालाही रेबीज होतो, त्यामुळे त्याची लस टाळू नका. घरच्या प्राण्याचं लसीकरण आणि नसबंदी ही पाळणाऱ्याचीच जबाबदारी, असं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही आहे. मांजर चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकतं, म्हणून तिथे उशीर करू नका. कुणीही चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

कुत्र्याचा आपल्याकडचा मोठा शत्रू गोचीड. पाऊस संपता संपता हुरडा जेवेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं. गोचिडाचा ताप होता. चार आठवडे गोळ्या चालल्या. तेव्हापासून रोज रात्री कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघते. त्याचं दुखणं निदान दिसतं तरी. मांजर दुखणं लपवतं. ते फक्त जेवायचं थांबतं, आणि दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम व्हायला लागतो. लक्ष देऊन बघणारं माणूस घरात नसेल तर मांजराचा आजार उशिराच कळतो.

घरात दमा किंवा ॲलर्जीचं कुणी असेल तर आणण्याआधी त्या माणसाने मांजर असलेल्या घरी दोन-चार वेळा तासभर बसून यावं. मांजराच्या लाळेतलं आणि कातडीतलं प्रथिन केसांबरोबर घरभर पसरतं, ते झाडून जात नाही. गरोदर बाई असेल तर वाळू दुसऱ्या कुणी काढावी, तीही रोज.

मग काय आणायचं

जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये राहणारं, दिवसभर बाहेर असणारं, मांसाहार चालणारं जोडपं असेल तर मी मांजर सांगेन, जमलं तर एका वेतातली दोन पिल्लं. ती एकमेकांना सोबत करतात. दिवसभर माणसांचा राबता असलेलं, आजी-आजोबांचं, अंगण किंवा गच्ची असलेलं घर असेल तर देशी कुत्रं. शुद्ध शाकाहारी असाल तरी कुत्रंच. नवजात बाळ असेल तर वर्षभर थांबा.

दोन्ही हवे असतील तर एकदम आणू नका. आधीचं निदान सहा महिने रुळू द्या. मग नव्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि दोघांच्या अंथरुणाच्या चादरी रोज अदलाबदल करा. आमच्याकडे हुरडाच्या चादरीवर चिंधी फिसकारायची. सतराव्या दिवशी ती त्याच चादरीवर झोपलेली दिसली, आणि मग मी मधलं दार उघडलं.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. देशी कुत्र्यांची पिल्लं थंडीत गल्लोगल्ली दिसतात. त्यातलं एखादं मनात भरलं तर तोवर रोज त्याच्या आईला भाकरी-अंडं घालत जा. ती तुम्हाला ओळखायला लागली की पिल्लूही आपणहून हातात येतं.